गोठलेल्या जमिनीतला खड्डा

१

दाराच्या फटीवरची पितळी झडप खट्कन वाजली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

टॅम्झिनच्या हातातला डाव लापशीच्या भांड्यात तसाच थांबला. रविवारी टपाल येत नाही. आणि एल्डरकोम इस्टेटीच्या माळीघरात पुढच्या दारानं कुणीच येत नाही. येणारा मागच्या अंगणातून येतो, बुटांचा चिखल उंबऱ्याला झटकतो आणि "चहा आहे का?" असं ओरडतच आत शिरतो. पुढच्या दारानं जे आलंय ते चहा प्यायला आलेलं नाही, हे पाकीट उचलायच्या आधीच तिला कळलं.

"वाच," तिची आई ग्वेंडा म्हणाली. "माझा चष्मा बागेत राहिला."

चष्मा ग्वेंडाच्या डोक्यावरच होता. टॅम्झिननं तो दाखवला नाही. तिनं वाचायला घेतलं.

पत्र इस्टेटीची माळी ग्वेंडा टॉली हिच्या नावे, व्यवस्थापक क्रिस्पिन हेल यांचं होतं. 'लेडी ऑगस्टा' जातीच्या पिवळ्या स्नोड्रॉपच्या कंदफुलांचा एल्डरकोममधला एकमेव पुंजका भिंतबंद बागेतून मुळासकट चोरीला गेल्याचं आपणच आज सकाळी सात वाजता कळवलंत. काल दुपारी चारच्या नोंदवहीत पुंजका जागेवर असल्याची खूण आणि सही आपलीच आहे. त्यानंतर दाराला कुलूप होतं. किल्ल्या दोनच. माझी ऑफिसच्या तिजोरीत होती आणि मी लडलो गावी वीस माणसांत जेवत होतो. तेव्हा आज चार वाजता चहाघरात येऊन आपली किल्ली जमा करावी, आणि महिनाअखेर माळीघर रिकामं करावं.

"एकतीस वर्षं," ग्वेंडा म्हणाली. ती तशीच सिंकपाशी उभी राहिली, हात पाण्यात, आणि पाण्यात एकही भांडं नव्हतं.

"गेल्या महिन्यात हा माणूस आपल्या खिडक्या मोजून गेला," टॅम्झिन म्हणाली. "रंग द्यायचाय म्हणे. शनिवार-रविवारचे पाहुणे ठेवायचेत त्याला इथं! आता आयतं निमित्त सापडलं."

"टॅम, आवाज खाली. पोर ऐकतेय."

पोर ऐकत होती. टॅम्झिनची सहा वर्षांची लेक एफी लापशीत चमचा फिरवत होती, गोल गोल, आणि एक घासही तोंडात गेला नव्हता.

"ऐकू दे," टॅम्झिननं पत्राची घडी घालून ॲप्रनच्या खिशात कोंबली. "चार वाजेपर्यंत वेळ आहे ना? ती किल्ली तू कुणाच्याही हातात द्यायची नाहीस. सांगून ठेवते."

२

भिंतबंद बागेच्या टोकाला, म्हाताऱ्या, सदाहरित यू वृक्षाच्या सावलीत, दोरी बांधलेला एक कोपरा होता. दोरीपलीकडे साध्या पांढऱ्या स्नोड्रॉपचा गालिचा, आणि मधोमध खड्डा. सूपच्या वाडग्याएवढा, गोल.

टॅम्झिन गुडघ्यांवर बसली. खड्डा नुसता गोल नव्हता, त्याचा तळ सपाट होता. खुरप्यानं उकरलं तर तळ वेडावाकडा निघतो, टोकदार निघतो. हा तर केकचा साचा काढून घेतल्यासारखा. तळाशी वाळकी पानं चिकटून गोठलेली, आणि कडेनं काचेसारख्या गुळगुळीत बर्फाची एक रेघ. बाकी सगळीकडे पांढरं, खरखरीत दंव होतं. हा चकचकीत बर्फ फक्त इथंच.

"खुरपं दे," ती आईला म्हणाली.

तिनं खड्ड्याशेजारी खुरपं मारलं. ठण्ण! हाताला झिणझिण्या आल्या. जमिनीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"गुरुवारच्या रात्रीपासून हे असं," ग्वेंडा म्हणाली. "शुक्रवारी मी गुलाब लावायला गेले तर कुदळीचा दांडा मोडला. भिंतीच्या या बाजूला ऊन येतच नाही."

"मग काल रात्री हा खड्डा खणला कुणी? आणि कशानं?"

ग्वेंडानं खड्ड्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. सकाळपासून ती नुसती गेलेल्या फुलांकडे बघत होती. खड्ड्याकडे खड्डा म्हणून तिनं पाहिलंच नव्हतं.

"काल रात्री नाही खणता येणार," ती हळूहळू म्हणाली. "कालच काय, शुक्रवारीही नाही. हा गुरुवारच्या आधीचा आहे. पण टॅम, फुलं तर काल दुपारपर्यंत होती. डॉक्टर फेननी साडेतीनला फोटो काढला, मी स्वतः त्यांना हाका मारून बाहेर काढलं."

"आणि चार वाजता? चारला तू जवळ येऊन पाहिलंस?"

"वहीत खूण आहे ना माझी."

"वहीचं नाही विचारत. तुझं विचारतेय."

यू वृक्षावर एक रॉबिन पक्षी बसला होता. ग्वेंडा त्याच्याशी बोलावं तसं त्याच्याकडे बघत म्हणाली, "गुडघा ठणकत होता. दारातूनच खूण केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हे मी त्या हेलला सांगायचं? की मी न बघता सही ठोकली? चोर म्हणतोय तो परवडला."

टॅम्झिननं आईचा हात धरून तिला कोपऱ्यापासून दूर नेलं. म्हणजे साडेतीननंतर चारच्या आत फुलं गेली असू शकतात, दार उघडं असताना, पाहुण्यांच्या गर्दीत. किल्लीचा प्रश्नच मिटला. पण अर्ध्या तासात, शंभर माणसांदेखत, लोखंडासारख्या जमिनीतून मुळासकट पुंजका कोण उपटणार?

"बुधवारी पार्क बंद असतो. तेव्हा तू कुठं होतीस ते हेलला माहीत आहे का?" तिनं एकदम विचारलं.

"हेरेफर्डला. गुडघ्याच्या डॉक्टरकडे. रात्री तुझ्या मावशीकडे राहिले, गुरुवारी दुपारी आले. का?"

"काही नाही. घरी जा, पाय वर करून बस."

३

अकराला टॅम्झिन सांभाळायची ते चहाघर भरलं. फेब्रुवारीत एल्डरकोमला माणसं येतात ती केवळ स्नोड्रॉपसाठी. आल्यावर मात्र ती आधी सूप मागतात.

डॉक्टर ऑब्री फेन खिडकीजवळच्या टेबलाशी एकटेच बसले होते. निवृत्त दंतवैद्य. स्नोड्रॉपच्या वेडापायी सगळ्या परगण्यात ओळखले जाणारे. दाढा तपासायचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्यांनी निवृत्त होताना सोबत आणला होता आणि आता ते तो फुलांखाली धरून आतल्या खुणा बघत. आज त्यांचं चाळीसजणांचं मंडळ बसनं यायचं होतं, खास 'लेडी ऑगस्टा' बघायला.

"बस रद्द करू की शोकसभा ठेवू?" टॅम्झिननं सूप ठेवताच ते म्हणाले. "आणि तू माझ्याकडे अशी बघू नकोस. दहा वर्षं मी तुझ्या आईकडे एका कंदासाठी नाक घासतोय, हे सगळ्या गावाला माहीत आहे. चोरायचंच असतं तर दहा वर्षं वाट कशाला पाहिली असती?"

"कदाचित धीर संपला असेल."

"धीर कसला संपतोय! मी तीस वर्षं दात काढलेत." त्यांनी रुमालानं मिश्या पुसल्या. "तुझी आई चोर असेल तर मी नर्तक आहे. पण बागेत कुणाचा तरी हात लागत होता, हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं."

"म्हणजे?"

"मंगळवारी हेलनी मला फोटो काढायची परवानगी दिली होती. तेव्हा फुलं होती तेवीस. काल बावीस. एक कुणीतरी तोडलं. मी फुलं मोजतो, टॅम्झिन. माणसं मोजत नाही."

त्यांनी फोन पुढे केला. दोन फोटो, मंगळवारचा आणि कालचा. टॅम्झिन दोन्ही आळीपाळीनं बघत राहिली. मंगळवारच्या फोटोत फुलं वाटेल तशी. तीन भिंतीकडे तोंड करून रुसलेली, दोन एकमेकांच्या गळ्यात पडलेली, एक पार पानांत बुडालेलं. कालच्या फोटोत तीच फुलं, तीच पिवळी टोपडी, पण उंच ती मधे, बुटकी ती कडेला, आणि सगळ्यांची तोंडं वाटेकडे. शाळेच्या वार्षिक फोटोला उभी केल्यासारखी.

"फिरली कशी काय हो ही?"

"वारा असेल."

"भिंतीआड?"

डॉक्टरांनी चष्मा वर करून फोटो नाकाशी नेला, आणि सूप निवेपर्यंत तो खाली केला नाही.

तेवढ्यात काउंटरवर टकटक झाली. मिसेस एनिड पेजेट, वय शहात्तर, दर बुधवारी येऊन हवेलीतल्या सगळ्या खोल्यांच्या फुलदाण्या सजवणाऱ्या. टॅम्झिनला सातव्या वर्षी फुलांची मांडणी त्यांनीच शिकवली होती. त्यांच्या हातात फ्लास्क होता.

"काल तू गरम पाणी भरून दिलंस ना राणी, तो धुऊन आणलाय." नेहमीसारख्या त्या टेकल्या नाहीत, फ्लास्क ठेवून लगेच वळल्या. "ग्वेंडाचं ऐकलं. वाईट झालं फार." आणि गेल्याही.

त्यांच्यामागून क्रिस्पिन हेल आत आला. हिरवा कोट, चकचकीत बूट. भर गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टॅम्झिन, तुझी नोकरी वेगळी आणि आईचं प्रकरण वेगळं, हे मी समजतो. तूही समजून घे. चार वाजता तमाशा नको."

"तमाशा कसला हो मिस्टर हेल," टॅम्झिन त्याच्याइतक्याच मोठ्यानं म्हणाली. "मी फक्त खुर्च्या मांडते. जरा जास्तच मांडून ठेवते आज."

४

दीडच्या सुमाराला ती पिठाचं पोतं आणायला कोठीत गेली, तर पोत्यामागे एफी बसली होती. गुडघ्यात डोकं खुपसून.

"काय गं? रंगवायचं पुस्तक कुठंय?"

"आई, एखाद्यानं खरं सांगितलं तर आजीला घरात राहू देतील?"

टॅम्झिन पिठाच्या हातांनी खाली बसली. ती पोरीवर ओरडली नाही. काय काय विचारावंसं वाटत होतं, ते सगळं तिनं गिळलं. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला, त्यांत पीठ सांडलं. शेवटी हुंदका आला, आणि हुंदक्याबरोबर गोष्ट.

गुरुवारी शाळेतून आल्यावर आजी काचघरात होती. एफी दोरीखालून आत गेली होती. "मी तोडलं नाही, आई. शप्पथ. मी नुसता हात लावला. ते आपलं आपणच आलं!"

"आपलं आपण कसं येईल?"

"आलं! मेणबत्ती केकमधून निघते ना, तसं."

"कुठंय ते आता?"

पडद्यामागे. अंड्याच्या कपात. पाणी घालून.

चहाघर दहा मिनिटं मैत्रिणीवर सोपवून टॅम्झिन माळीघराकडे पळाली. वर, एफीच्या खिडकीत, पडद्याआड ते उभं होतं, पिवळ्या टोपड्याचं, मान खाली घातलेलं. तिनं ते पाण्यातून हलकेच उचललं.

माळ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला स्नोड्रॉप ओढल्यावर काय होतं ते सांगावं लागत नाही. देठ चिर्र वाजतो, खाली खाली पांढरा पडत जातो, आणि कंदापाशी निसटतो. या देठाला पांढरा भागच नव्हता. वरपासून खालपर्यंत हिरवा. आणि खालचं टोक तिरकं कापलेलं. धारदार कात्रीनं, एका झटक्यात. टोकाला बारीक हिरवी पूड चिकटली होती. मातीची नव्हती. तिनं बोटांत चुरडली, तर साबणाच्या चुऱ्यासारखी विरघळल्यागत झाली.

ती खाटेवर बसली. गोल खड्डा, सपाट तळ. शिस्तीत वाटेकडे बघणारी बावीस फुलं. आणि भरून दिलेला तो फ्लास्क.

अरे देवा, तिला वाटलं. दुसरं कुणीही चाललं असतं.

५

हवेलीच्या मागच्या बाजूला फुलघर होतं, दगडी कुंडीचं, सदा थंडगार. मिसेस पेजेट एकट्याच होत्या. हेलेबोरच्या फुलांचा एकेक देठ घेत, कात्रीनं तिरका कापत पाण्यात सोडत होत्या. खट्, खट्.

टॅम्झिननं अंड्याचा कप दगडी कुंडीच्या काठावर ठेवला.

"देठ नेहमी तिरका, मिसेस पेजेट. म्हणजे पाणी जास्त पितो. मला तुम्हीच शिकवलंत."

कात्री थांबली. मिसेस पेजेटनी फुलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी आली ती भीती नव्हती. 'तेवीस' असं त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या.

"एफीला सापडलं. गुरुवारी," टॅम्झिन म्हणाली. "बुधवारी पार्क बंद, बागेचं दार फक्त फुलं कापायला तुमच्यासाठी उघडं. आई हेरेफर्डला. जमीन मऊ. तुम्ही आख्खा पुंजका मातीसकट काढलात, फुलं आणि पानं कापून घेतलीत, आणि खड्ड्यात तो ठेवलात." तिनं मांडणीकडे बोट केलं. काळ्या प्लॅस्टिकच्या वाडग्यांची चळत, आणि शेजारी फुलं खोचायच्या हिरव्या स्पंजच्या विटा. "वाडग्यात भिजवलेला स्पंज, त्यात फुलं, वरून पानांचा चुरा. बुधवारी आत तुम्ही आणि हेल सोडून कुणी नव्हतं, म्हणून चोरी बुधवारी दिसून चालणार नव्हतं. शनिवारी पाहुणे येतात. शनिवारी वाडगा गोठून बसला, म्हणून माझ्याकडून गरम पाणी. पण फुलं खोचताना हात सवयीनं चालला तुमचा. उंच मधे, बुटकी कडेला, तोंडं बघणाऱ्याकडे. झाडाला कुठं माहीत असतं बघणारा कुठून येणार ते?"

मिसेस पेजेटनी कात्री पुसून जागेवर ठेवली. मग त्या ताठ झाल्या. इतक्या ताठ, की टॅम्झिनला त्या एवढ्या उंच आहेत हे पहिल्यांदाच जाणवलं.

"हो. मीच. आणि पुन्हा करेन. नवी पाटी वाचलीस? सोनेरी अक्षरांत. 'लेडी ऑगस्टा यांना सकाळच्या फेरफटक्यात आढळलेलं दुर्मीळ फूल.' ती बाई जन्मात कधी दहाच्या आधी उठली नाही! माझी आई, डॉर्कस बेडोज, इथं धोबीघरात होती. पहाटे पाचला चादरी वाळत घालताना तिला ते वाळवणाच्या हिरवळीत दिसलं. तिनं ते ओंजळीत धरून बाईसाहेबांना नेऊन दाखवलं, आणि बाईसाहेबांनी त्याला आपलं नाव दिलं. आईला काय दिलं, माहितेय? दुपारची सुट्टी. हेलला मी तीन पत्रं लिहिली, टॅम्झिन. तीन. उत्तर म्हणून ही पाटी."

"कुठं आहे ते आता?"

"जिथं असायला हवं तिथं. चर्चच्या आवारात, तिच्या कबरीच्या उशाशी."

नळ ठिबकत होता. टॅम्झिनला त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कप उचलून भिंतीवर फेकावासा वाटला.

"तुमच्या आईसाठी तुम्ही माझी आई दिलीत," ती म्हणाली.

"मला वाटलं, कुण्या पाहुण्यावर संशय जाईल. पाहुणे काय, घरी निघून जातात. ग्वेंडाची सही, किल्ली... हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"आणि सकाळी कळल्यावर?"

"सकाळी मी फ्लास्क धुतला," त्या म्हणाल्या. "आणि घाबरले."

"चार वाजता मी बोलणार आहे. सगळं. तुम्ही आलात तरी, नाही आलात तरी."

६

चारला चहाघराचं दार आतून लावलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फक्त सहा सरळ. हेल बसला होता, त्याच्यापुढे नोंदवही. ग्वेंडा बसली नाही. डॉक्टर फेनना टॅम्झिननं थांबवून घेतलं होतं. एफी कोपऱ्यात रंगीत खडूंशी. सहावी खुर्ची रिकामी.

"किल्ली," हेलनं हात पुढे केला.

"नाही," टॅम्झिन म्हणाली. "आधी ऐकायचं."

"मी तुला म्हटलं होतं, तमाशा..."

"तुम्ही माझ्या आईला चोर म्हटलंत, लेखी. तर मी तोंडी बोलते. मधे बोलू नका."

आणि तिनं मांडलं. गोठलेली जमीन, कुदळीचा मोडलेला दांडा. गोल सपाट तळ, कडेचा चकचकीत बर्फ. मग डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला, दोन फोटो शेजारी शेजारी, आणि घसा खाकरून म्हणाले, "मी आयुष्यभर रांगेत बसवलेल्या कवळ्या केल्या, मिस्टर हेल. खरे दात कुठले आणि बसवलेले कुठले हे मला कालच ओळखता यायला हवं होतं. लाज वाटते मला." मग तिनं अंड्याचा कप पुढे केला, तिरका देठ, हिरवी पूड. "चोरी बुधवारी झाली. बुधवारी आई हेरेफर्डच्या दवाखान्यात होती, भेटीचं कार्ड हे. काल चारच्या आधी, दार उघडं असताना, कुणी फक्त वाडगा उचलून पिशवीत टाकला. त्याला किल्ली लागत नाही."

हेलनं कप उचलला, फिरवला, ठेवला. "पण वहीत चार वाजताची सही..."

"खोटी," ग्वेंडा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी न बघता खूण केली. पाय दुखत होता. ही माझी चूक, आणि तिची जी शिक्षा असेल ती द्या, मी मान खाली घालून घेईन. पण चोर म्हणाल तर नाही घेणार. एकतीस वर्षांत या बागेतलं एक पान मी घरी नेलं नाही."

हेलचा चेहरा गुलाबी झाला. "ठीक. मग बुधवारी कोण होतं?"

टॅम्झिननं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दुपारपासून जे तोंडात तयार होतं ते नाव आता बाहेर पडेना. सातव्या वर्षी तिचा हात धरून कात्री फिरवणारा हात तिला आठवला. मग तिनं आईच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

दारावर थाप पडली.

मिसेस पेजेट चर्चला जायच्या कोटात आल्या होत्या, हॅट घालून. बसल्या नाहीत. "मी," त्या म्हणाल्या. "ती मुलगी सांगणारच होती, पण मला दुसऱ्याच्या तोंडून माझं नाव ऐकायचं नव्हतं. ग्वेंडा, तुझी माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. मिस्टर हेल, तुमची मागत नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. डॉर्कसचं नाव दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

हेल उठला. "भावना समजतो. पण ते झाड इस्टेटीचं आहे. उद्या सकाळी आमच्या माळी ग्वेंडा टॉली जाऊन ते काढून आणतील."

"माझ्या आईची कबर उकरून?"

"तीच गोष्ट जरा सौम्य शब्दांत सांगायची तर..."

"टॉली जाणार नाही," ग्वेंडा म्हणाली. खिशातून किल्ली काढून तिनं ती मुठीत धरली. "इथली माळी मी आहे. फुलत असताना हलवलेलं झाड एकदा तगतं, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा हलवलं तर मरतं. हे माळी म्हणून सांगते. आणि माणूस म्हणून सांगायचं तर, कबरीला कुदळ लावणाऱ्यातली मी नाही. दुसरा कुणी शोधा."

"आमचं मंडळ अजून बसमध्ये आहे," डॉक्टर फेन आपला दंतआरसा खिशात ठेवत म्हणाले. "चाळीसजण. गुडघे बहुतेकांचे गेलेत, पण चर्चच्या दाराशी घडीच्या खुर्च्या टाकून बसायला गुडघे लागत नाहीत. आणि वर्तमानपत्रवाल्यांना फुलांचे फोटो फार आवडतात."

हेल एकेकाकडे बघत गेला. शेवटी त्यानं खुर्ची ओढली, पेन काढलं आणि सकाळच्या पत्राखाली, सगळ्यांसमोर, आरोप आणि घर सोडायचा हुकूम मागे घेतल्याच्या दोन ओळी लिहून सही केली. ग्वेंडानं चष्मा डोळ्यांवर घेतला, त्या ओळी वाचल्या, आणि 'गैरसमजातून' हा शब्द खोडायला लावला.

"मिसेस पेजेट," हेल म्हणाला, "आपण उद्यापासून हवेलीत येऊ नये."

"माझी कात्री तेवढी घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे."

बाहेर उजेड अजून होता. हिवाळा संपत आला की चारनंतरचा तेवढा अर्धा तास जास्तीचा मिळतो, तसला. पार्कपलीकडे चर्चच्या वाटेवर मिसेस पेजेट चालल्या होत्या, हातात कात्रीची पिशवी, एकट्या. ग्वेंडानं त्यांना हाक मारली नाही. पण ती थांबली, आणि त्या वळणाआड होईपर्यंत उभी राहिली. मग लंगडत पुढे निघाली.

टॅम्झिननं एफीच्या हातमोज्यातला हात घट्ट धरला. जिंकलो ना आपण, तिला पोरीला सांगायचं होतं. आपल्याला कुणी घराबाहेर काढणार नाही. आपण गप्प बसलो नाही.

एफी मात्र मागे वळून वळून त्या रिकाम्या वळणाकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आपल्या आजीच्या जागी दुसऱ्या कुणाची आजी असती, तरी तू एवढी भांडली असतीस?"